झिपऱ्या बैल झाला नाही

प्रिय आबा,

मी तुम्हाला सांगितलं ते अर्धंच होतं. परवा फोनवर तुम्ही विचारलं, झिपऱ्या कसा आहे, तर मी "एकदम मजेत" म्हणाले आणि फोन पटकन आईकडे दिला. कुत्रा मजेत आहे हे खरंय. पण तुम्ही खुब्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला आत्याकडे गेलात ना, त्यानंतर चार दिवसांनी मी त्याला दोंडाईचाला पुनम मॅडमच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं आणि नसबंदी करून आणली. तुम्हाला न विचारता. फोनवर हे ओरडून सांगितलं असतं तर अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं असतं आणि फक्त तुमच्या कानाच्या मशीनला गेलं नसतं. म्हणून पत्र. पुष्पा आत्या, तूच वाचून दाखवतेयस ना? इथे जरा थांब. आबांना पाणी दे.

तुम्ही आत्ता काय म्हणालात ते मला इथे ऐकू आलं. मागच्या दिवाळीत मी हा विषय काढला तेव्हाही तेच म्हणाला होतात. "गोऱ्हा खच्ची करा का त्याना बैल होस. मान खाली घालीसन चालस. माले वावरमा कुत्रा पाहिजे, बैल नही." मी सगळं मोबाईलवर इंग्रजीत वाचलेलं, आणि तुम्ही आयुष्यभर बैल तयार केलेले. मी काय बोलणार?

पण आबा, त्याआधीचा भादवा आठवा. झिपऱ्या अकरा दिवस गायब होता. कुठल्या तरी गावच्या कुत्रीचा वास लागला आणि साखळी तोडून गेला. इकडे डुकरांनी अर्धा एकर मका आडवी केली. बाराव्या दिवशी आला तो मान फाटलेली, जखमेत अळ्या. तुम्ही तीन दुपारी ओट्यावर बसून टर्पेंटाइनचा बोळा आणि चिमटा घेऊन एकेक अळी काढली. जो कुत्रा कोणाला पायाला हात लावू देत नाही, तो तुमच्या पायावर डोकं ठेवून पडून राहिला. तुम्ही त्याला पूर्ण वेळ शिव्या देत होता, "पुढला सालले जाशी का परत? जाशी का?" आणि मध्येच उपरण्याने डोळे पुसत होता. मी शेजारी वाटी धरून बसले होते. मला एवढंच कळत होतं, की हा पुढच्या वर्षी परत जाणार. त्याच्या हातात नाहीये ते. तेव्हाच मी ठरवलं होतं.

मला वाटलेलं, आज ऑपरेशन, उद्यापासून फरक. कसला फरक! नवव्या दिवशी पठ्ठ्या कंपाउंडवरून उडी मारून शेजारच्या भागाबाईच्या कुत्रीमागे, चिमणीमागे पळाला आणि एक टाका उसवला. मॅडम मलाच ओरडल्या. म्हणाल्या, अंगातले हार्मोन काय बटण दाबल्यासारखे बंद होतात का? उतरायला महिना-दीड महिना लागतो, तोवर मादीजवळ गेला तर पिल्लंसुद्धा होऊ शकतात, बांधून ठेव. मग बांधून ठेवला. तुमचे टाके आणि त्याचे टाके एकाच आठवड्यात निघाले, बघा. फक्त तुम्ही तुमचे चाटत नव्हता.

यंदाचा भादवा बघायला तुम्ही इथे हवे होतात. गावातले सगळे कुत्रे येडे झाल्यासारखे पळत होते, भांडत होते, आणि आपला झिपऱ्या बांधावर उभा राहून नाक वर करायचा, वास घ्यायचा, परत खाली बसायचा. साखळी नाही, काही नाही. जागोजागी तंगडी वर करणंही खूप कमी झालंय. रोज नवलकाकांच्या मोटरसायकलच्या चाकावर ठरलेलं असायचं ना? परवा काका स्वतःच विचारायला आले, "काय वं मयुरी, तुमना कुत्रा मनावर रुसना का?"

सगळं छान छान सांगत नाहीये हं. भूक वाढलीये त्याची, पण अंगाला पूर्वीएवढ्या खाण्याची गरज नाही. पहिल्या महिन्यातच असा सुटला की बरगड्या हाताला लागेनात. मॅडमनी खाणं कमी करायला सांगितलं. मी अर्धी भाकर कमी केली, तर हा आईच्या समोर ताटली घेऊन बसतो आणि आई विरघळते. तेवढा पोटाने बैल झालाय, कबूल. आणि फटाक्यांना अजून तसाच घाबरतो. गणपतीत माझ्या कॉटखाली होता. मला वाटलेलं तेही जाईल. मॅडम म्हणाल्या, भीती वेगळी, ती याने जात नाही, उलट कधीकधी वाढते.

आता डुकरांचं. दहा दिवसांपूर्वी पहाटे पप्पा आणि मी मक्यात गेलो. सहा डुकरं, दोन तर केवढी! आणि झिपऱ्या भुंकला आबा, तोच आवाज. अंगावर गेला नाही, शहाण्यासारखं लांबून गोल फिरत फिरत त्यांना नदीकडे वळवलं. एक ओळ गेली फक्त. पप्पा म्हणाले, हे तर आबांनी शिकवलेलं.

तेव्हा मला तुमच्या बैलाचं कोडं सुटलं. खच्ची केलेला गोऱ्हा आपोआप जुवाखाली मान देत नाही ना? त्यानंतर तुम्ही महिनोन्‌महिने त्याच्या मानेवर हात ठेवून, नावाने हाक मारत त्याला चालवता. अर्धं काम तर तुमच्या हाताचं असतं. तसंच झिपऱ्याचं. पिल्लू होता तेव्हा तुम्ही त्याला घेऊन मक्यात बसायचात. ते त्या ऑपरेशनने कसं निघेल? आणि एक सांगा, आपल्या शिवारात सगळ्यात जास्त भुंकतं कोण? चिमणी! ती तर कुत्री आहे, नर नाही.

तिच्यासाठीच लिहितेय मी. चिमणीची यंदाची सात पिल्लं, पाच रस्त्यावर गाड्यांखाली गेली. ती अजून तिथे जाऊन बसते. काल भागाबाईने मला थांबवलं, "मनी चिमणीले बी ली जाय. पन पहिले आबाले इचार. त्या हां म्हनतीन तं मी हां." मादीचं ऑपरेशन मोठं असतं, पोट उघडावं लागतं, दहा दिवस घरात ठेवायचं. पुढे माजावर येणं बंद, पिल्लं बंद, गर्भाशयात पू होण्याची भीती जाते. काही कुत्र्यांना नंतर लघवी गळते, तेही मी तिला सांगितलंय. मॅडमकडे गुरुवारची वेळ आहे. "आबा हो म्हणाले" असं मी तिला काल सहज सांगू शकले असते. त्याऐवजी हे पत्र लिहायला घेतलं. झिपऱ्याच्या वेळी मी विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाल याची भीती होती. चुकलंच ते. आता तुम्ही नाही म्हणालात तर भागाबाईला मी नाहीच सांगेन. रविवारी तुम्ही येताय, म्हणजे गुरुवारच्या आधीच. आधी झिपऱ्याला स्वतः हात लावून बघा, वावरात घेऊन जा, मला काय ओरडायचं ते ओरडा. आणि मग सांगा, चिमणीला नेऊ का?

तुमचीच,
मयुरी