मागतोय चढाई, देतायत शाल

३ डिसेंबर
कबड्डीच्या सरावात पुन्हा बाद. मध्यरेषा वीतभर राहिली आणि पोरांनी पाय धरला. पूर्वी एवढ्यात मी उडी मारून पलीकडे, वर हसत. आज पाय ऐकेना. कॅप्टन नितीन, ज्याला पकड मीच शिकवली, सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, तुझा झटका न्हाय ऱ्हायला. चढाई सोड, डाव्या कोपऱ्यात ये." कोपऱ्यात म्हणे! इतकी वर्षं संघाची पहिली चढाई माझी. जेवलो नाही.

५ डिसें.
सकाळी संघासोबत रेवदंड्याच्या किनाऱ्यावर. ओहोटी, वाळू कडक. पाऊण तास धावलो, धाप नाही. संघातली पोरं निम्म्यात बसली. मग म्हातारं कोण? नंतर छोट्या, जोरकस धावा. तिथे मात्र तीच पोरं पुढे. थोड्याच वेळात माझ्या मांड्या पेटल्या, पाय शिसं. रागाने पडलेल्या ओंडक्याला लाथ घातली. अंगठा सुजला.

८ डिसें.
पुतणी प्राची अलिबागला खेळाडूंवर उपचार करते. अंगठा दाखवायला गेलो, प्रवचन ऐकून आलो. "काका, तू रोज धावतोस म्हणून दम टिकलाय. तोही उतरेल, पण सावकाश. झटका आधी जातो. सरावाने उशिरा जाईल, पण जाईल." वर सल्ला, लांब पल्ल्याच्या शर्यती धाव. लांब पळून काय करू? चढाई करून मला रेवस गाठायचं नाहीये, चार पावलं परत यायचंय.

१४ डिसें.
मंडळाचा ठराव: आपल्याच स्पर्धेत, अंतिम सामन्याआधी माझा सत्कार. शाल घेतलेला माणूस आपल्याकडे पुन्हा मैदानात उतरलेला मी पाहिला नाही. अध्यक्षांना म्हटलं, मेलो नाही अजून. "अरे, मान हाय तो." डोंबलाचा मान. सुनीता म्हणते, "अहो, घ्या की. थंडी आहे." बायकोला पण आत्ताच विनोद सुचतात.

२१ डिसें.
शाल घेतली. आई पुढच्या रांगेत बसलेली, काय करणार. पण सदऱ्याच्या आत जर्सी होती. शाल सुनीताकडे टाकली आणि राखीव खेळाडूंत जाऊन बसलो. अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं.

उत्तरार्धात आपला डावा कोपरा लंगडत बाहेर आला. नितीनने मला खूण केली. चढाईला नाही, त्याच्या जागी. शिव्या गिळल्या, गेलो.

त्यांचा चढाईवाला विशीचा असेल. पाय पुढे टाकला, मी घोटा धरला. सुटायला त्याने जो झटका दिला तो माझ्या खांद्यापर्यंत आला. माझा असाच होता. अगदी असाच. आपली पोरं अंगावर पडली, तो बाद झाला, शिट्ट्या वाजल्या, तरी मी घोटा सोडेना. शेवटी पंचांनी हात सोडवला.

सामना थोडक्यात गेला. निघताना नितीन म्हणाला, "दादा, आता कोपरा पक्का ना?"
राग आहेच. पण तो नितीनवर आहे असं आता म्हणता येत नाही.