फरक कुणी खाल्ला

हेलरबाख,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय रोसविटा,

तू बरी असशील. थंडी सुरू झाली, म्हणजे गुडघा कुरकुरत असेलच. इकडे सगळं ठीक. परसातल्या सफरचंदांना यंदा कीड लागली, त्यामुळे मुरंबा झाला नाही. शेजारच्या हाइडरूनने दोन बरण्या आणून दिल्या. दिल्या म्हणजे कुंपणावर ठेवल्या आणि घाईने निघून गेली. हल्ली लोक माझ्याकडे असंच येतात.

तू जानेवारीत जे केलंस त्यावर मी आजवर एक अक्षर बोललो नाही. आता बोलतो. नेमबाज मंडळाची वार्षिक सभा होती. अख्खं गाव हिरव्या कोटात बसलं होतं, बीअर अजून वाटायची होती. तू हातात छापील कागद घेऊन उठलीस. तुझे शब्द मला पाठ आहेत.

"आई गेल्यावर माझ्या वाट्याचे पैसे या माझ्या सख्ख्या भावाने घेतले आणि मला वीज कंपनीचे शेअर घेऊन दिले. मला म्हणाला, एक शेअर चौऱ्याऐंशी युरोला पडला. आणि हे बघा, इंटरनेटवर त्याच दिवसाचा भाव आहे एकोणचाळीस! अर्ध्याहून जास्त याने खिशात घातले. आणि तुम्ही याला खजिनदार करून ठेवलंय!"

ओर्टविनने अध्यक्षाच्या खुर्चीतून विचारलं, "फोल्कमार, काही बोलायचंय का तुला?" मी म्हणालो, "नाही." तिजोरीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि कोट घालून घरी आलो.

मी गप्प का बसलो, असं तुला वाटलं असेल. लाजेने नाही. लोकांना पोटभर बोलून घेऊ द्यावं, असं ठरवलं. बेकरीतली बाई सुटे पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवायला लागली. ओर्टविनने मंडळाचे सगळे जुने हिशोब तपासायला बाहेरचा माणूस आणला, त्याला काही सापडलं नाही, तरी ओर्टविन म्हणाला, "बँकेतला माणूस आहे, कसं सापडेल?" हे सगळं मी लक्षात ठेवलं. ज्याने जितकं तोंड उघडलं, त्याला तितकंच ते आता मिटावं लागेल. त्यासाठीच हे पत्र आहे.

आता नीट वाच. चष्मा लाव.

इंटरनेटवरच्या जुन्या भावांच्या त्या तक्त्यात दोन रकाने असतात. एका रकान्यात त्या दिवशी बाजारात खरोखर चाललेला भाव. शेजारच्या रकान्यात सुधारलेला भाव. कंपनीने पुढच्या वर्षांत जो जो लाभांश वाटला, तो मागच्या भावांतून कमी करत नेतात, म्हणजे एखाद्याला एकूण कमाई किती झाली हे मोजायचं असेल तर सोपं जातं. कंपनी जितका जास्त लाभांश वाटणारी, तितका जुना सुधारलेला भाव खाली दिसतो. आणि आपली वीज कंपनी म्हणजे विधवा-अनाथांनीही निर्धास्त घ्यावा असा कागद. भाव उड्या मारत नाही, पण दर मे महिन्यात लाभांश चुकत नाही. म्हणून चौऱ्याऐंशीचे तुला एकोणचाळीस दिसले. तू दुसरा रकाना वाचलास, बाई. पहिल्यात चौऱ्याऐंशीच आहे, आजही आहे, कुणीही उघडून पाहावं.

तुला आणखी सोपं करून सांगतो. तू चौऱ्याऐंशीला कोंबडी घेतलीस. इतकी वर्षं तिची अंडी खाल्लीस. आणि आता अंड्यांची किंमत वजा करून भर सभेत ओरडतेस, की कोंबडी तर एकोणचाळीसचीच होती, भाऊ चोर आहे. तो मधला फरक मी नाही खाल्ला, रोसविटा. तू खाल्लास. दर मे महिन्यात, मिटक्या मारत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

जानेवारीत पुन्हा सभा आहे. तू त्याच जागी उभी राहशील आणि ही दोन पानं मोठ्याने वाचशील. मग माझी माफी मागशील. मला खजिनदारकी परत नको. मला माझं नाव परत हवंय.

फोल्कमार

पान तिसरं

वरच्या दोन पानांची एक प्रत मी आज सकाळी मंडळाच्या सूचनाफलकावर लावली. काचेच्या आत, कुलपात. हे पान फक्त तुझ्यासाठी आहे.

पहिली दोन वाचून तू म्हणाली असशील, "कसली अंडी? मला एक दमडी लाभांश मिळाला नाही. गेर्नोट म्हणायचा, अणुभट्ट्या बंद पडल्या, कंपनी डबघाईला आली, ती काही वाटत नाही."

बरोबर. तुझा नवरा तसंच म्हणायचा.

कंपनीच्या वार्षिक सभेला आपण तिघं मिळून डॉर्टमुंडला जायचो, आठवतं? तू सॉसेज आणि बटाट्याच्या कोशिंबिरीसाठी यायचीस, पर्समध्ये डबा घेऊन. व्यासपीठावर लाभांश जाहीर व्हायची वेळ आली, की दर वर्षी गेर्नोट तुझा दंड हळूच धरायचा. "चल राणी, आता नुसते आकडे वाचतील. रांग वाढायच्या आत जाऊ." तू माझ्याकडे वळून म्हणायचीस, "बघ, नवरा असावा तर असा." मी तिथेच बसून आकडा ऐकायचो.

तो पैसा दर मे महिन्यात एका दुसऱ्या खात्यात जायचा. खातं गेर्नोटचं आणि प्लेटेनबेर्गच्या एका बाईचं, दोघांच्या नावावर. त्यांना एक मुलगी आहे, स्वान्ये. तुला मूल झालं नाही, म्हणून डॉक्टरांकडे तुम्ही हेलपाटे घालत होतात, त्याच सुमारास ती झाली. आपल्या आईच्या पैशांवर तिची शाळा झाली, दातांच्या तारा झाल्या, पुढचं शिक्षण झालं. आता ती ल्युडेनशाइडला तुझ्याच दंतवैद्याकडे मदतनीस आहे. गेल्या वर्षी तुझी दाढ काढली, तेव्हा चूळ भरायला पाण्याचा पेला तुझ्या हातात तिनेच दिला. "फार गोड पोर आहे" असं तू मला फोनवर म्हणाली होतीस.

मला हे कसं ठाऊक? बँकेत कागद माझ्याच टेबलावरून गेले. लाभांश कुठे जमा करायचा त्या फॉर्मवर तुझीच सही आहे. तू केक कापत होतीस, मी म्हटलं, "इथे, आणि इथे," आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. तू वाचलं नाहीस. गेर्नोट तुझ्या मागे उभा होता, म्हणाला, "तुझ्या भावाने आणलंय, ते काय वाचायचं?" तो मला म्हणायचा, तिला कळलं तर ती मरेल. मी तुझ्यासाठीच गप्प राहिलो. त्याच्या अंत्यविधीनंतर मी खातं बदलून घेतलं. गेल्या मे महिन्यात तुझ्या खात्यात पैसे आले, तेव्हा तू पेन्शन वाढली म्हणून हाइडरूनला कॉफी पाजलीस.

तू सभेत उठली नसतीस, तर हे माझ्याबरोबरच गेलं असतं. त्याची कबर तू दर शनिवारी स्वच्छ करतेस, मंडळाच्या भिंतीवर स्पर्धा जिंकली त्या वर्षीचा नेमबाजांचा राजा म्हणून तो तसबिरीत हसतोय, हे सगळं तसंच राहिलं असतं. अजूनही राहू शकतं. जानेवारीत दोन पानं वाच. तिसरं आपल्या दोघांत राहील.

तुझाच भाऊ,
फोल्कमार


हेलरबाख,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय फोल्कमार,

गुडघा बरा आहे. तुला सर्दी झाल्याचं ओर्टविनकडून कळलं. म्हणूनच आज युद्धात गेलेल्यांच्या शोकदिनाला तू स्मारकापाशी हार घेऊन आला नाहीस. आला असतास, तर हे लिहावं लागलं नसतं.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तक्ता समजला. तू छान समजावतोस, लहानपणीही गणित तूच शिकवायचास, चुकलं की कान पिळून. चौऱ्याऐंशीच होते. मी चुकले. बेकरीत जाऊन तसं सांगूनही आले.

तिसरं पान वाचल्यावर दोन दिवस मी काही शिजवलं नाही. मग दंतवैद्याकडे गेले. दाढ दुखते म्हणाले. पोरीने मला खुर्चीत बसवलं, मानेखाली उशी ठेवली. डावी भुवई गेर्नोटसारखी उचलते. मी तिला काही बोलले नाही. तोंड उघडं ठेवून कुणाला बोलता येतं?

परत येताना मला तू आठवलास. तो नाही, तू. तो दर वर्षी माझा दंड धरून मला बाहेर न्यायचा, तेव्हा तू खुर्चीत बसून बघत होतास. मी वळून "बघ, नवरा असावा तर असा" म्हणायचे, तेव्हा तू हसायचास. माझ्याकडे बघून हसायचास, फोल्कमार. मला वाटायचं, बहिणीचं सुख बघून हसतोय.

फलकाच्या कुलपाची किल्ली ओर्टविनने मला आनंदाने दिली. तुझ्या दोन पानांशेजारी मी तिसरं लावलं. दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस, फरक मी खाल्ला. तिसऱ्यावर लिहिलंयस, मला दमडीही मिळाली नाही. दोन्हीखाली सही तुझीच. आज सगळे हिरव्या कोटात हारासाठी मंडळाच्या दारातच, फलकासमोर जमले होते. वाचायला भरपूर वेळ मिळाला त्यांना. तुला वाटलं, नवऱ्याच्या अब्रूसाठी मी तिसरं पान गिळीन. हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस.

मुलीचं आणि तिच्या आईचं नाव मात्र मी काळ्या शाईने खोडलंय, गावाचं आणि दवाखान्याचंही. तिचा हात फार हलका आहे. गेर्नोटची तसबीर मी स्वतः खुर्चीवर चढून उतरवली. कुणी अडवलं नाही.

जानेवारीच्या सभेत मी उठणार आहे. तुझी माफी मागेन, तू म्हणालास तशीच, मोठ्याने. माझ्या भावाने एक सेंटसुद्धा घेतला नाही, असं सगळ्यांना सांगेन. गेर्नोटने खाल्लं, भावाने फक्त वाढलं. मग कुणाला तुझ्या शेजारी बसून बीअर प्यायची असेल, तर पिऊ दे.

शेअर मी विकत नाही. मे महिन्यात लाभांश येईल, तेव्हा डॉर्टमुंडला व्यासपीठावरचा आकडा मी बसून ऐकणार आहे. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेव, त्यावर मी डबा ठेवीन.

आजवर तुझी बहीण असलेली,
रोसविटा