रुमाल टाकलेली खुर्ची

रविवार, संध्याकाळ. हुडको कॉलनी.

डोकं फिरलं आज माझं.

मंडळात यांचं भाषण होतं, ‘आजच्या समाजात नीतिमत्ता’. आठवडाभर आरशासमोर पाठ करून राहिले होते. ‘आधी दुसऱ्याचा विचार, हीच नीती’ हे वाक्य तर मलेही पाठ झालं. अन् मले काम काय दिलं? लवकर जाऊन यांच्या जुन्या साहेबासाठी पहिल्या रांगेत रुमाल टाकायचा. दुर्गच्या पॅसेंजरमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आम्हा रेल्वेवाल्यांची सवय, ती हॉलमध्येही सुटत नाही.

हॉल भरला. खुर्सीपारच्या शांतामावशी गुडघा धरून भिंतीशी उभ्या. साहेबाचा पत्ता नाही. हे माइकवर दुसऱ्याचा विचार सांगून राहिले, अन् मी त्या रुमालाकडे पाहून राहिली. किती वेळ पाहायचं? उचलला रुमाल, बसवलं मावशीले.

नेमके तेव्हाच साहेब आले अन् मागं उभे राहिले.

घरी येताच हे भडकले, "तुले एक खुर्ची सांभाळता नाही आली? साहेब उभे होते!"

अन् मावशी? त्या उभ्या नव्हत्या का? रुमाल यांच्यासमोर ठेवला अन् म्हटलं, "जाताना मावशी म्हणाल्या, भाऊ बोलते तसंच त्याईच्या घरचे वागते बी."

हे रुमालाची घडी घालत बसले. मले वाटलं, लागलं मनाले.

मग यांनी हळूच विचारलं, "साहेबासमोर म्हणाल्या का?"