एकोणीस नंबरच्या तबकडीत माझा आवाज

शनिवार, ७ मार्च १९९२. सकाळी १०.२०.
गुन्ह्याची वेळ आधी लिहून ठेवते. मी स्वयंपाकघरात उभी होते, हातात टोस्ट, तोंड बंद. आणि भिंतीपलीकडून, एकोणीस नंबरातून, माझाच आवाज आला: "मी हे पुन्हा सांगणार नाही." मग पुन्हा. मग पुन्हा. चौसष्ट वेळा मोजला. त्या आवाजाखाली पत्र्याची टाकी बडवल्यासारखे दणके.

एकोणीस नंबरात (रस्त्याच्या आमच्या बाजूला विषम नंबर, म्हणजे माझ्या सतराला लागूनच) तीन पोरं राहतात. डॅरन स्टॅनिफोर्थ त्यांचा म्होरक्या. यंत्रांवर संगीत करतात आणि स्वतःला 'डॅम्प कोर्स' म्हणवतात. म्हणजे भिंतीत ओल चढू नये म्हणून घालतात तो थर. असलं नाव कुणी कुत्र्यालाही ठेवणार नाही. आता यांचा पहिला अल्बम निघतोय.

सप्टेंबरपासून मी त्यांच्या आन्सरिंग मशीनवर तेवीस तक्रारी नोंदवल्या आहेत. प्रत्येक तारीख-वेळेसह. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली नऊ सुपरवायझर म्हणून. त्याच तक्रारी चोरल्या आहेत!

नोंद: ईस्टरपूर्वीच्या उपवासासाठी यंदा मी राग सोडला आहे. (गेल्या वर्षी मार्मलेड.) तेव्हा हा राग नव्हे. ही वस्तुस्थिती आहे.

त्याच दिवशी, ११.०५.
जाऊन आले. डॅरनने दार उघडलं, एका पायात मोजा. म्हणे, "रागावू नका लव्ह, अख्ख्या अल्बममध्ये तेवढी एकच गोष्ट नीट ऐकू येते." लव्ह! शेफील्डमध्ये बस कंडक्टर म्हणतो, तिकीट देताना. यांनी मला नाही म्हणायचं.

त्याने यंत्र दाखवलं. कुणाचाही आवाज त्यात घालायचा आणि शिवणयंत्रासारखे टाके मारत सुटायचं. मी विचारलं, मी फोन करते तेव्हा तुम्ही घरात असता? तर म्हणे, "असतो की. पण उचलला तर रेकॉर्ड कसा होणार?"

तेवीस वेळा ही तिघं फोनभोवती बसून माझं ऐकत होती!

नोटीस दिली: माझा आवाज काढा. त्याचा चेहरा पडला, पण म्हणाला, काढतो, शब्द देतो. अल्बमची तबकडी ३ एप्रिलला कारखान्यात छापायला जाणार. विषय संपला.

रविवार, ८ मार्च.
चर्चमधल्या मासनंतर तिथल्या हॉलमध्ये युनिस ब्रॅडवेलला सांगितलं. चाळीस वर्षांची मैत्रीण. वाटलं, धीर देईल. हसता हसता तिच्या नाकातून चहा आला. "विनी, पॉप स्टार झालीस की गं!" आणि वर, "पोरं चांगली आहेत, जरा सांभाळून घे." मी तिच्याशी बोलणं बंद केलं आहे. रागाने नव्हे.

गुरुवार, १२ मार्च.
या पोरांनी कच्ची प्रत आधीच इथल्या रेडिओला दिली होती. काल वाजली. मासेवाला हेरल्ड सुरी खाली ठेवून म्हणाला, "मिस गॅरिटी, रेडिओवर तुम्हीच ना? बायको इस्त्री सोडून ताठ उभी राहिली हो!"

संताप आला असता, सोडलेला नसता तर.

पुरावा म्हणून कोरी कॅसेट आणली. आज ती प्रत रेडिओवर पुन्हा वाजली, कॅसेटवर पकडली. पुराव्यासाठी अकरा वेळा ऐकली. 'पुन्हा' या शब्दात किंचित सर्दी आहे. असला माल लोकांना ऐकवतात!

सोमवार, १६ मार्च.
युनिस आली, मला तिच्याशी बोलावं लागलं. कॅसेट ऐकवली. म्हणते, "मला तर पुरुष वाटला." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पर्पेच्युआ मला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं वाचायला लावायच्या, मायक्रोफोनशिवाय. एक्स्चेंजमध्ये एकदा फोनवर वेळ सांगणारा आवाज निवडायचा होता, तेव्हा साहेब म्हणाले, मिस गॅरिटी, तुमचा उत्तम आहे, पण लोक घाबरतील. घाबरतील म्हणजे ऐकतील. हे युनिसला काय कळणार? ती बोलते तेव्हा तोंडात उकडलेला बटाटा असल्यासारखं वाटतं.

मंगळवार, ३१ मार्च.
विचारपूर्वक निर्णय: मी परवानगी देणार आहे. अटी तीन. कव्हरवर नाव, 'गॅरिटी' नीट लिहून. रविवारी दणके बंद. आवाज नव्याने घ्यायचा, सर्दीविना. मात्र मी स्वतःहून जाणार नाही. विचारायला त्यांनी यावं.

गुरुवार, २ एप्रिल.
आले नाहीत. उर्मटपणाला काही सीमा? केक केला होता, माझ्यासाठीच. जास्त झाला.

शुक्रवार, ३ एप्रिल. सायंकाळी ५.४०.
गेले. घरात कुणी नाही. परत येऊन फोन केला. मशीनवर तेच वाक्य बोलले: पाठ ताठ, सर्दी नाही, एकेक शब्द सुटा. इतकं चांगलं मी जन्मात बोललेले नाही.

बुधवार, १५ एप्रिल. सकाळी ११.
डॅरन दारात. केस विंचरलेले. हातात तबकडी, कागदात गुंडाळलेली. "तुमच्यासाठी पहिली प्रत, मिस गॅरिटी. तुम्ही सांगितलं तसं काढून टाकलं. शब्द म्हणजे शब्द."

मी शुक्रवारच्या निरोपाबद्दल विचारलं. "ऐकला की! भारी होता. पण तबकडी दुपारीच गेली होती. मग टेप पुसली आम्ही, तुम्हाला परत वाईट वाटायला नको."

आणखी एक: यंत्रं त्यांनी सोमवारीच नदीकाठच्या गोदामात हलवली. मला त्रास नको म्हणून.

तबकडी लावली. तेच दणके. माझ्या जागी युनिस ब्रॅडवेल! हिने ९ मार्चला, माझ्या पाठीमागे, त्यांना फोन केला होता. बटाट्यासकट: "मनावर घेऊ नका रे पोरांनो. तिला बोलायला कुणी नाही, म्हणून ती तुम्हाला फोन करते."

चौसष्ट वेळा. कव्हरवर तिचं नाव. नीट लिहिलेलं.

भिंत दोन दिवस गप्प आहे. नळ ठिबकतो, हे मला माहीतच नव्हतं. तोही त्यांचाच दोष.

पत्राची नक्कल:

श्री. स्टॅनिफोर्थ,
तुम्ही माझ्या परवानगीशिवाय माझा आवाज वापरलात आणि माझ्या परवानगीशिवाय काढलात. (होय, मी सांगितलं होतं. माणूस काय सांगतं याकडे इतकं लक्ष देण्याची सवय तुम्हाला कधीपासून लागली?) पुढच्या आवृत्तीत तो परत घालावा. मिसेस ब्रॅडवेल यांचं विधान खोटं आहे, ते वगळावं. यंत्रं गोदामात ओल धरतील. ती जागेवर आणावीत.

उत्तर लेखी हवं, शनिवार १८ एप्रिल, दुपारी बाराच्या आत. बारा वाजता माझा उपवास संपतो आणि त्यानंतर रागाला काही बंधन नाही. पोस्टावर विसंबू नये. पत्र हातोहात आणावं, तिघांनी मिळून आणलं तरी हरकत नाही. मी घरीच आहे.

वि. गॅरिटी, १७ नंबर