बॉल जिच्या हातात, ती ताई

२ ऑगस्ट
आज प्रॅक्टिस मॅचमध्ये मुक्ताने विरुद्ध टीमला बॉल दिला. चुकून नव्हे. नीट, दोन्ही हातांनी, छातीशी. का? तर आमची दहावीतली सायली आज समोरच्या बाजूने खेळत होती आणि "दे गं इकडे" म्हणाली. सायलीने लगेच बास्केटही केलं. बाकीच्या पोट धरधरून हसल्या.
विचारलं, का दिलास गं?
"ताईनं मागला ना मॅडम. ताईला नाय कसं म्हणू?"

५ ऑगस्ट
डोक्यातून जात नाही. मुद्दाम लांब बसून बघितलं. एकटी असली की काय खेळते ही आठवीतली पोर! डावा हातही उजव्यासारखाच चालतो. पण कोणी मागितला की बॉल गेलाच. आणि मागतात सगळ्याच, कारण सगळ्यांत लहान तीच.
तिचे वडील देवळ्याहून आले होते. मुक्ता इथे पंचवटीत मामाकडे राहते. म्हणाले, "जिल्ह्याच्या टीमात आली तर राहू देतो. नायतर दिवाळीनंतर गावच्या शाळेत." त्या शाळेत रिंगच नाही. म्हणजे निवड चाचणीपर्यंत काय ते.

९ ऑगस्ट
नियम केला. मैदानावर ताई बंद, नुसती नावं घ्यायची.
फजिती! नुसतं नाव घ्यायला जीभ रेटेना म्हणून लहान पोरी बोलायच्याच थांबल्या. हाका नाहीत, पास नाहीत. बास्केटबॉल की मौनव्रत? वर संध्याकाळी सायलीच्या आईचा फोन. "मॅडम, आठवीच्या पोरी हिला एकेरी हाक मारतात म्हणे?"
घरी सांगितलं तर हे म्हणाले, "तू घेतेस का माझं नाव?" नाही घेत. नियम मागे.

१७ ऑगस्ट
भांडी घासताना सुचलं. ताई बंद नको, फिरती ठेवू. बॉल जिच्या हातात, ती ताई. बाकीच्यांनी तिचं ऐकायचं.
सायलीला म्हणायला लावलं, "मुक्ताताई, कुठे जाऊ?" खिदळणं थांबेना. मुक्ता लाजून अर्धी झाली. मग हळूच, "कोपऱ्यात जा." आणि सायली गेली की! मुक्ता तिच्याकडे बघतच राहिली, तेवढ्यात बॉल कोणीतरी पळवला. हरकत नाही.

३१ ऑगस्ट
मॅच हरलो, सपाटून. शाळेचे मुख्याध्यापक सर वैतागले. "सायलीला रिंगखाली उभी करा, सगळे बॉल तिला द्या. पोरी शिकतील सावकाश." जिंकलो असतो, खरंय.
पण मुक्ता ओरडत होती, "सायलीताई, मागं फिर! लवकर!" ताईही म्हणते आणि हुकूमही सोडते. हे मी नाही शिकवलं, तिचं तिने काढलं. मला तर कधीच सुचलं नसतं. इतका आनंद झाला, पण सरांसमोर तोंड पाडून उभी राहिले.

१४ सप्टेंबर
सायली प्रॅक्टिसनंतर रेंगाळली. "माझं या गटातलं शेवटचं वर्ष आहे मॅडम. मुक्ताला शिकवताय ते ठीक. मला?"
टीमची उंच मुलगी म्हणून तिला वर्षानुवर्षं एका जागी उभी केली मी. उद्यापासून मुक्तासमोर डिफेन्सला तीच, रोज.

२८ सप्टेंबर
निवड चाचणी. समितीतल्या बाई आधीच म्हणाल्या, तुमच्या मुलींपैकी एकच बसेल. दोघी विरुद्ध टीममध्ये, नेमक्या समोरासमोर.
मुक्ता सायलीला चुकवून जात होती, परत परत. शेवटीही सुटली. रिंगखाली मोकळी, डोळे मिटून टाकेल असा बॉल. आणि थांबली. सायली मागून पोचेपर्यंत थांबली. सायलीने बॉल काढून घेतला, टाळ्या तिला.
परत येताना मुक्ता गाडीवर माझ्या मागे. विचारलं, काय झालं गं? "ताईचं शेवटचं वर्ष हे ना मॅडम."
"आणि तू? देवळ्याला जायचंय?"
"माहिती हे मला."
गाडी कडेला घेऊन रागावले. रागावता रागावता रडू आलं. तिने सगळं ऐकून घेतलं.
अजून कळत नाही. जुनीच सवय, की आज पहिल्यांदा तिचं तिने ठरवलं? कारण सायलीने बॉल मागितला नव्हता. एक शब्द बोलली नव्हती ती.
यादी उद्या. आत्ता समितीतल्या बाईंचा मेसेज. "तुमची ती छोटी शेवटी का थांबली? दमली, घाबरली की आणखी काही? तुमचं ऐकून दोघींपैकी एक नाव पक्कं करते."
दोनदा लिहून पुसलं. काय कळवू?