गाठ साधी निघाली, खुर्ची गेली

मी, सौ. दामिनी दयाराम नाकाडे, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय रसायनशास्त्राची शिक्षिका, राहणार जुनवानी, भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड, हा कागद राजीखुशीने लिहून ठेवते. राजी आहे; खुशीचे पुढे येईल. माझे मन ठिकाणावर आहे. शरीरही ठिकाणावर आहे, असे रायपूरच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. उलट घरातल्या सगळ्यांनी लिहू नको म्हटले. मुलगी स्नेहल हैदराबादहून फोनवर म्हणाली, "मम्मी, रिपोर्ट तो अच्छा आया ना? मग विल कावून लिहून राहिली तू?"

तिला सांगितले, छातीत गाठ लागली तेव्हाच लिहायला बसले होते. तेव्हा भीतीने हात चालत नव्हता. आता राग आहे, म्हणून चालतो.

कलम १. जुनवानीचे राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात माझे पती श्री. दयाराम यांनी त्यात हयातभर राहावे, त्यानंतर ते पूर्ण मालकीने स्नेहलचे. हे रेल्वेत गार्ड होते. घर बांधले जात असताना मिस्त्रीशी भांडायला मीच होते. हे ड्यूटीवरून यायचे, ओल्या भिंतीवर हात ठेवून "मस्त झालं" म्हणायचे, आणि झोपायचे. वरची खोली भाड्याने देण्याचा सल्ला त्यांना मिळेल. तो ऐकू नये.

कलम २. बँकेतली ठेव आणि भविष्य निर्वाह निधी दोघांना निम्मे निम्मे. पाटल्या स्नेहलला, मोडून नवीन काही केले तरी माझी हरकत नाही. सोन्याची एकदाणी नणंद रुक्मा, राहणार मोहन नगर, दुर्ग, हिला.

रुक्मा मला म्हणाली, "वहिनी, देवानं जीव देल्ला, अजून काय पायजे? खुर्चीचं काय घेऊन बसली?" असे म्हणणारी ती एकटी नाही. पेढे खायला आलेल्या प्रत्येकाने हेच ऐकवले. जीव वाचला की माणसाने बाकीच्या अपमानाबद्दल तोंड उघडू नये, असा नियम मला कुठे सापडला नाही. जीव शाळेने दिला नव्हता. प्राचार्याची खुर्ची शाळेने घेतली. तरी एकदाणी रुक्मालाच द्यावी. तपासणीच्या दिवसांत रोज सकाळी तिच्या घरून डबा यायचा, आणि भाजी माझ्या आवडीची असायची.

कलम ३. शाळेविषयी. तिचे नाव या कागदावर येऊ नये अशी माझी इच्छा आहे. तिथे मी उमेदीची सगळी वर्षे शिकवले. आधीचे प्राचार्य निवृत्त झाल्यावर दोन वर्षे प्रभारी म्हणून काम पाहिले. नव्या सत्रापासून कायम नेमणूक माझीच होणार, असे शाळा समितीचे अध्यक्ष दौलतराव स्टाफरूममध्ये सर्वांसमोर बोलले होते.

रिपोर्ट मिळाला त्या दिवशी आम्ही रायपूरहून परत येत होतो. यांनी कुम्हारीला गाडी थांबवून पेढे घेतले आणि गाडीला टेकून उभे राहिले ते रडायलाच लागले. त्यांचे वडील गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिले नव्हते. शर्टाच्या बाहीने डोळे पुसत त्यांनी पेढा माझ्या तोंडाजवळ धरला, आणि माझा फोन वाजला. अध्यक्ष होते.

"मॅडम, तुमची तब्येत पाहता समितीनं रश्मीजींचं नाव पक्कं केलं. तुमच्यावर एवढा बोजा टाकणं बरं नाही."

"माझ्या तब्येतीचं तुमाले कोनं सांगितलं?"

"अहो, काळजीच्या गोष्टी पोहोचतात."

"रिपोर्ट आत्ताच आला. गाठ साधी आहे. काही नाही निघालं."

"अरे वा! अभिनंदन!" ते म्हणाले. "मग आता निवांत शिकवा."

यांनी विचारले, "काय झालं?" मी सांगितले. पेढा त्यांच्या हातातच राहिला. खुर्चीचे दुःख कदाचित कमी होईल. पण माझा नवरा रस्त्यावर उभा राहून माझ्यासाठी आनंदाने रडत होता, आणि मला त्याच्याकडे पाहून हसता आले नाही. तो घटकाभराचा आनंद आमचा होता. तो अध्यक्षांनी खाल्ला. हे मी माफ करत नाही, आणि माझ्या वारसांनीही करू नये.

कलम ४. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काही ब्युरेट, दोन तराजू आणि ऊर्ध्वपातनाचे यंत्र माझ्या पगारातून घेतलेले आहे. ते परत मागू नये. पोरांच्या हातातून वस्तू काढून घेणे मला जमणार नाही. मात्र त्यावर अध्यक्षांच्या नावाची पाटी लावू नये.

हे म्हणतात, "देऊन टाक राजीनामा." देणार नाही. दिला तर 'बिचारी आजारी होती, म्हणून गेली' असे म्हणतील. मी रोज निरोगी माणसासारखी त्यांच्यासमोर उभी राहीन.

कलम ५. कु. रश्मी देवतळे. ही माझी विद्यार्थिनी. शाळेत तिला मीच लावून घेतले. तपासणीच्या दिवशी सुई टोचताना यांना आत येऊ दिले नाही, तेव्हा रश्मी माझा हात धरून बसली होती. घरच्या माणसांशिवाय गाठीचे फक्त तिलाच माहीत होते.

होळीच्या आदल्या दिवशी ती घरी आली. उभ्यानेच म्हणाली, "मॅडम, साहेबांनी विचारलं, तुमी सुट्ट्या कावून घेऊन राहिल्या. मी सांगून देल्लं. मले वाटलं, तुमचा भार कमी होईल."

"मग त्यांनी तुले विचारलं, तू करशील का."

"हो."

"कधी विचारलं?"

"सुईच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे माझा हात धरला तेव्हा तुले माहीत होतं."

ती रडू लागली. "मॅडम, मी खरंच देवापुढं बसली होती तुमच्यासाठी."

"बसली असशील. आता मी चांगली आहे. खुर्ची वापस करतेस?"

"ऑर्डर निघाली ना, मॅडम."

मी तिला चहा विचारला नाही. आमच्या घरून कोणी चहाशिवाय गेल्याचे मला आठवत नाही. ती देवापुढे बसली असेल, यावर माझा विश्वास आहे. खुर्चीही तिनेच घेतली. ही दोन्ही कामे एकाच बाईने केली, हे मला अजून पचत नाही.

तिला माझ्याकडून काहीही नाही. वकीलसाहेब म्हणाले, काही द्यायचे नसेल तर नाव लिहिण्याची गरज नसते. मी म्हटले, तरी लिहीन.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर शाळेत शोकसभा घेऊ नये. मुलांना उन्हात उभे करून अध्यक्षांना भाषणाची संधी देऊ नये. ज्या विद्यार्थ्यांना यावेसे वाटेल त्यांनी घरी यावे. त्यांना चहा द्यावा.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे पती करतील. ते नसल्यास स्नेहल. हे माझे पहिलेच मृत्युपत्र आहे. ते शेवटचे ठरावे असा माझा आग्रह नाही. माणसाने जे सर्वात शेवटी लिहिले तेच कायदा खरे धरतो, असे वकीलसाहेबांनी समजावले. राग उतरला तर मी दुसरे लिहीन. तेवढी सवड मला मिळाली आहे, हे मला कळते; रोज सकाळी अंघोळ करताना कळते. पण राग आज उतरलेला नाही, आणि आज जे आहे तेच लिहिले आहे.

सही: दामिनी दयाराम नाकाडे

साक्षीदारांचे म्हणणे: दामिनीताईंनी वरील सर्व मजकूर आम्हाला स्वतः वाचून दाखवला. कलम पाच वाचताना त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, परंतु एकही शब्द बदलला नाही. त्यांनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर.

१. आनंद ढोमणे, शेजारी, जुनवानी (सही)
२. सौ. बेबीताई राऊत, स्मृती नगर (सही)

ठिकाण: भिलाई
दिनांक: १६ मार्च २०२५