डावा कान

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

आमच्या चर्चला नवे पाळकसाहेब आले. उपासना संपली आणि थेट माझ्यापुढे येऊन वाकले. "सलाम बाई! ओळखलंत? आमोद वाघमारे. लोणी काळभोर, चौथी ब." ओळखलं — कपाळावरचा केसांचा भोवरा अजून तसाच. मी त्यांच्या डाव्या बाजूनं काहीतरी पुटपुटले, तर मान वळवून म्हणाले, "इकडून बोला बाई. तो कान माझा कामाचा नाही."

मी होते तिथेच बाकावर बसले. शेजारी उभ्या बाबुरावांना वाटलं, साखर कमी झाली. त्यांनी खिशातली लिमलेटची गोळी काढून दिली. चघळली!

१८ ऑगस्ट

लिहूनच टाकते. इथे वाचणारं कोण आहे!

१९८३. शाळेत तपासणीला साहेब आले होते. मी आमोदला म्हटलं, उभा राहा. नाही उठला. पुन्हा म्हटलं. उजवीकडच्या खिडकीबाहेर बघत बसलेला. वर्ग हसला, साहेबही हसले. मी शेवटच्या बाकापर्यंत गेले आणि डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली, की पोरगं बाकावरून खाली!

आठवडाभर शाळेत आला नाही. मध्ये एकदा त्याची आई वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी मागच्या दारानं निघून मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसले. तो परत आला तेव्हा त्याला पहिल्या बाकावर घेतलं. का, ते कोणाला सांगितलं नाही. वर्ष संपताना त्याच्या वडिलांची बदली झाली. सुटले, असं वाटलं मला. तेच वाटलं होतं, खोटं कशाला लिहू.

२४ ऑगस्ट, रविवार

बाबुराव आमच्या चर्चच्या मंडळीचे सचिव. माणसाला समारंभाचा भारी सोस! सात सप्टेंबरला माझा सत्कार ठरवलाय. संडे स्कूलची पन्नास वर्षं, वय एक्याऐंशी, शाल आणि कसलंसं रोप. "आणि बाई, पाळकसाहेब स्वतः बोलणार आहेत. म्हणाले, माझ्या कानाची आणि बाईंची एक गोष्ट आहे, सगळ्यांसमोर सांगायची राहिलीय." हसत होते. त्यांना काय!

सगळ्यांसमोर. म्हणजे माझ्या संडे स्कूलच्या पोरांसमोरही.

आणि सात तारीख म्हणजे महिन्याचा पहिला रविवार — प्रभुभोजन. चाळीस वर्षं ते मेज मीच लावते. पांढरं कापड, भाकरीचे तुकडे, द्राक्षरसाचे छोटे पेले. ज्याचं वाईट केलं त्याच्याशी आधी समेट करा, मग या मेजापाशी या — किती पोरांकडून घोकून घेतलं मी हे! आता पेला त्याच्याच हातून घ्यायचा.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. गाडीतळाकडून स्पीकर सुरू. माझे दोन्ही कान शाबूत आहेत, हे दिवसभर कळत होतं.

संध्याकाळी सुनेला, शर्मिलाला सांगितलं. म्हणाली, "त्या काळी सगळेच मारायचे हो, आई." मारायचे. पण त्याला मारलं ते मी.

३१ ऑगस्ट, रविवार

आज सांगितलं. म्हणजे — तोंड उघडलं.

चर्चच्या पायरीवर आम्ही दोघंच. रस्त्यावर ढोलपथक. मी म्हटलं, "आमोद, तुझा कान माझ्यामुळे गेला." तो रस्त्याकडे बघत हसला. "यंदा आवाज फारच आहे, नाही का बाई?"

मी त्याच्या डावीकडे बसले होते. चुकून नाही. उजवीकडे जागा होती, तरी डावीकडे जाऊन बसले. या वयात ही हुशारी! लाज वाटते स्वतःची.

२ सप्टेंबर

जेवण जात नाही.

४ सप्टेंबर

शर्मिलाला म्हटलं, कणकण वाटतेय, रविवारी जमेलसं दिसत नाही. तिनं कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तुम्हाला आलाय आई, पण अंगाला अजून कळवलेला दिसत नाही." सून अस्सल पुणेरी! मग शेजारी बसून हळूच म्हणाली, "सांगून टाका. तुम्हीच आधी सांगा."

६ सप्टेंबर, शनिवार

विसर्जन. रिक्षा नाही, बस नाही. काठी टेकत चालतच चर्च गाठलं, मेज पुसायच्या निमित्तानं. आमोद उपासनेची पुस्तकं लावत होता. मी वळसा घालून त्याच्या उजवीकडे गेले.

सगळं सांगितलं. तपासणी, साहेबांचं हसणं, त्याच्या आईला चुकवणं, रविवारची पायरीसुद्धा. त्यानं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. काही बोलणार, तेवढ्यात बाबुराव माइकवाल्याला घेऊन हजर! "अहो बाई, उद्याच्या उत्सवमूर्ती तुम्ही, आणि पुसताय काय?" आमोद एवढंच म्हणाला, "उद्या ऐका, बाई."

ठीक. सांगू दे सगळ्यांना. शालीची मला कधीच हौस नव्हती. — हेही खोटं. होती.

७ सप्टेंबर, रविवार

तो कान जन्मापासूनच बंद होता! घरात कोणाला माहीत नव्हतं, त्यालाही नाही. गालावर बोटं उठली म्हणून आईनं डॉक्टरकडे नेलं, तेव्हा कळलं. तेच सांगायला ती बिचारी शाळेत आली होती. आमोद म्हणाला, "कोणी न सांगताच बाईंनी मला पहिल्या बाकावर घेतलं, म्हणून मी शिकलो." टाळ्या! शर्मिला रडली. पेला मी त्याच्या हातून घेतला.

म्हणजे त्या दिवशी पोराला माझी हाक ऐकूच आली नव्हती.

शाल कपाटात ठेवली. चौथी ब मध्ये शेहेचाळीस मुलं होती. बाकीच्या पंचेचाळीस जणांना कशाकशासाठी मारलं, ते आठवत बसलेय.